दोन बारांमधला अवकाश

कायदा ज्याला मज्जाव करीत नाही ते करावयास हरकत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ज्यांचे आयुष्य शासनाच्या सेवेत गेले त्यांच्या तोंडी तर हे वाक्य अधिकच सहज येते. कारण परवानगी देणे, ती नाकारणे किंवा दिलेल्या परवानगीला अटी जोडणे हाच त्यांचा नित्याचा व्यवहार असतो. परंतु ‘अनुज्ञेय’ आणि ‘उचित’ या दोन शब्दांत जे अंतर आहे ते नेमके केवढे, हा प्रश्न फाइलीच्या समासात सुटणारा नाही. तो एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे. सैन्याकरिता बनविलेल्या सबमशीनगनची, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट ‘स्टेनगन’ अथवा ‘कार्बाइन’ म्हटले जाते तिची, एका दाबास एकच गोळी सोडणारी नागरी आवृत्ती विकत घेणे हे ते उदाहरण होय.

भिलाईत बसून या गोष्टीचा विचार कशाला करावयाचा, असे कोणी म्हणेल. भारतात अशी वस्तू सामान्य नागरिकास मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने, चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात असे प्रत्येक शस्त्र निषिद्ध ठरविले. आणि त्याखालील नियमांनी पिस्तुले वगळता इतर अर्धस्वयंचलित बंदुका व सैन्याची ९ मिलिमीटरची काडतुसे चालविणारी कार्बाइन या सर्वांना सर्वांत कडक वर्गात बसविले. हे खरे, तथापि आपल्यापैकी अनेकांची मुले आज अशा देशात आहेत की जेथे ही वस्तू दुकानाच्या काचेआड दिसते. समजा, त्यांतील एखादा मुलगा सुट्टीत घरी आला असता म्हणाला, “बाबा, तिथे हे कायदेशीर आहे, माझ्या शेजाऱ्याकडेही आहे, मग मी घेतली तर त्यात गैर ते काय?” ‘आपल्याकडे बंदी आहे’ हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. बंदी नसलेल्या ठिकाणीही लागू पडेल असे काही आपणांस सांगता येते काय, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम या वस्तूचे कुळ पाहू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, खंदकांच्या अरुंद वाटा काही क्षणांत निर्मनुष्य करता याव्यात म्हणून पिस्तुलाचे काडतूस वापरणारे हे हलके आणि अतिशीघ्र शस्त्र जन्मास आले. अमेरिकेत जनरल थॉम्प्सन यांची बंदूक तयार होऊन बाजारात आली ती युद्ध संपल्यानंतर, १९२१ साली. युद्ध संपले होते, माल तयार होता. तेव्हा तो नागरिकांस विकण्याचा घाट घातला गेला. आपल्या कुरणाचे रक्षण करणारा गुराखी हाती ही बंदूक घेऊन उभा आहे, असे चित्र तिच्या जाहिरातीत असे. गुराखी फारसे पुढे आले नाहीत. पुढे आले ते निराळेच लोक. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका भिंतीपाशी उभे करून सात माणसे मारण्यात आली, आणि त्या बंदुकीची कीर्ती जगभर झाली. १९३४ साली अमेरिकेने मशीनगनवर नोंदणी आणि जबर कर बसविला, आणि आखूड नळीच्या रायफलीही त्याच बंधनात घातल्या.

येथून नागरी आवृत्तीचा इतिहास सुरू होतो. कायद्याने जे जे निषिद्ध केले ते ते काढून टाकावयाचे आणि उरलेले विकावयाचे, असा हा मार्ग होता. इस्रायलच्या सैन्यासाठी उझिएल गाल यांनी १९५० च्या सुमारास रचलेली उझी ही बंदूक १९८० पासून अमेरिकेत नागरिकांस मिळू लागली. नळी सोळा इंचांपर्यंत लांबविलेली, आतील रचना बदललेली, एका दाबास एक गोळी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी वर्षानुवर्षे दिसत आली, कानपूरच्या कारखान्यात जी तयार होत असे, त्या ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइनचीही अशीच एक आवृत्ती परदेशी बाजारात होती. आपल्याकडील गारुडी नागाचे विषदंत पाडून त्याला टोपलीत ठेवतो आणि दारोदार दाखवीत फिरतो. हा प्रकार तसाच म्हणावयाचा. प्रश्न एवढाच, की येथे खरोखर दात पाडले जातात, की एक दात काढून दुसरा ठेवला जातो?

कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे आणि तो उथळ नाही. एका दाबास एक गोळी म्हणजे प्रत्येक गोळीमागे एक स्वतंत्र संकल्प. शस्त्रांचा इतिहास एका अर्थाने दोन बारांमधील अवकाश कमी कमी होत गेल्याचा इतिहास आहे. बस्तरच्या रानातील गावांतून जुन्या भरमार बंदुका आढळतात. तोंडाकडून दारू भरावयाची, छर्रे घालावयाचे, गजाने ठासावयाचे, मग बार काढावयाचा. तो हुकला तर पुढच्या बारापूर्वी सावज पळून जाते आणि क्वचित माणसाचा रागही निघून जातो. खटका ओढून काडतूस चढविण्याच्या रायफलीत हा अवकाश एकदोन क्षणांचा राहिला. अर्धस्वयंचलित बंदुकीत तो बोट सैल करून पुन्हा दाबण्याइतका उरला. आणि सबमशीनगनमध्ये तो नाहीसाच झाला. तेथे माणूस एकदाच ठरवितो आणि पुढचे सर्व यंत्र करते. म्हणून ‘एका दाबास एक गोळी’ ही रेघ ओढणाऱ्या विधिकारांनी माणसाच्या विवेकाला परतण्यासाठी एक फट, अगदी बारीक का होईना, राखून ठेवली, असे म्हणता येईल.

पण व्याख्येने रेघ ओढली की तिच्या दोन्ही बाजूंना वाद उत्पन्न होतो, हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी ओळखले होते. लक्षण करताना अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोष टाळावयास हवेत, अशी त्यांची शिकवण. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका माणसाने एका सांगीतिक जलशावर गोळीबार करून साठ माणसांचे प्राण घेतले. त्याच्या अर्धस्वयंचलित रायफलींना एक साधा दस्ता बसविलेला होता. बंदुकीच्या धक्क्यानेच चाप पुनःपुन्हा बोटावर आदळे आणि ती जवळजवळ मशीनगनच्या वेगाने चाले. शासनाने त्या दस्त्यांवर बंदी घातली. १४ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की चापाच्या प्रत्येक क्रियेस एकच गोळी सुटते, सबब ही मशीनगन नव्हे. शब्दार्थ म्हणून हा निर्णय समर्थनीय असेल. परंतु लक्षण लक्ष्याला सोडून कोठवर जाऊ शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

भारतीय कायद्याने दुहेरी लक्षण केले: एक यंत्राचे, दुसरे काडतुसाचे. ‘बोअर’ निषिद्ध की अनिषिद्ध हा जो शब्दप्रयोग आपल्या कचेऱ्यांत रूढ आहे, त्याचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. सरकारी शस्त्रागारातील दारूगोळा रयतेच्या बंदुकीस चालू नये, ही त्यामागील चिंता. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्यातून नागरिकांसाठी निघालेल्या .३१५ रायफलीची घडण सैन्याच्या .३०३ ची आणि नळी मात्र वेगळ्या काडतुसाची, असा संकर दिसतो. लष्करी शस्त्राची नागरी आवृत्ती आपणही केली. पण आपण बदलले ते काडतूस, आणि दोन बारांमधील अवकाश होता तसा ठेवला. नुसत्या चलाखीची गोष्ट वाटली तरी भेद महत्त्वाचा आहे.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे न्याय्य रीतीने मांडले पाहिजे; कारण ते दुबळे नाही. पहिला मुद्दा असा, की ही नागरी कार्बाइन पिस्तुलाचे काडतूस वापरते आणि हरणाच्या शिकारीची साधी रायफल तिच्यापेक्षा कितीतरी अधिक भेदक असते. मग नाव आणि आकार पाहून घाबरणे हा भ्रम नव्हे काय? दुसरा मुद्दा, की हत्या करावयाचीच असेल तर साधेसुधे हत्यारही पुरते. याचे प्रमाण भिलाईनेच पाहिले आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या रात्री कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांना येथील घरात, झोपेत असताना, गोळी घालण्यात आली. त्यासाठी गावठी पिस्तूल पुरेसे झाले. तिसरा मुद्दा आपल्याच इतिहासातील आहे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत शस्त्रकायदा झाला आणि युरोपियनांना सूट देऊन हिंदी माणसाला निःशस्त्र करण्यात आले. तो अपमान आहे, असे आपले पूर्वज उच्चरवाने सांगत होते. ज्यांनी तेव्हा शस्त्राचा अधिकार मागितला त्यांच्या वंशजांनी आता शस्त्राची इच्छाच निंद्य ठरवावी काय?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. परंतु त्यांवरून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. नागरी कार्बाइन दुर्बल आहे हे मान्य केले, तर मग शिकारीस ती निरुपयोगी आणि नेमबाजीच्या स्पर्धेत सामान्य ठरते. तरीही तिला गिऱ्हाईक मिळते. याचा अर्थ असा, की घेणारा बहुधा तिची शक्ती विकत घेत नाही, तिचे कुळ विकत घेतो. गावठी पिस्तुलाने एक ठरविलेला माणूस मारला जातो. सबमशीनगन मूळची माणसावर नव्हे, तर जागेवर रोखण्याचे शस्त्र आहे. खंदक, खोली, गर्दी ही तिची लक्ष्ये. चापाची क्रिया बदलली तरी मोठे मॅगझिन आणि सुटसुटीत हाताळणी या तिच्या जन्मखुणा कायम राहतात. १८ जुलै १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन इसिद्रो येथे एका उपाहारगृहात २१ माणसे मारली गेली. मारेकऱ्याजवळील शस्त्रांत उझीची हीच नागरी, एका दाबास एक गोळी सोडणारी कार्बाइन होती. आणि १८७८ च्या कायद्याविषयी बोलावयाचे, तर त्या काळी मागणी होती ती समान नागरिकत्वाची. युरोपियनाला जे मिळते ते मला का नाही, हा तो प्रश्न होता. शस्त्राची आवड हा त्याचा गाभा नव्हता.

सॅन इसिद्रोचे उदाहरण आणखी एका कारणासाठी विचार करण्याजोगे आहे. तेथील गोळीबार तासाहून अधिक काळ चालला होता. म्हणजे दोन बारांमधील अवकाश पुष्कळ होता. विवेकाला परतावयाचे असते तर वाट मोकळी होती. तो परतला नाही. याच्याही पूर्वीचे आणि आपल्या अधिक जवळचे एक उदाहरण आहे. ते सांगताना मराठी माणसाची मान खाली जाते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडण्यात आल्या, त्या इटालियन सैन्यासाठी बनविलेल्या बेरेटा पिस्तुलातून. हे पिस्तूल दोनच दिवस आधी ग्वाल्हेरात, महाराष्ट्राबाहेरील एका जुन्या मराठी वस्तीच्या शहरात, मिळविण्यात आले होते. तेही अर्धस्वयंचलितच. तीन गोळ्यांना तीन वेळा चाप ओढावा लागला. तीन वेळा थांबता आले असते. परंतु जो संकल्प आधी पूर्ण झालेला असतो त्याला चापाजवळ अडविता येत नाही.

येथे मला या लेखाचा मुख्य मुद्दा सापडतो. ‘एका दाबास एक गोळी’ हे लक्षण करणारा कायदा विवेकाचा अवकाश दोन बारांच्या मध्ये शोधतो. वस्तुतः तो अवकाश तेथे फारसा नसतोच. तो त्याच्या कितीतरी आधी, हत्यार हाती येण्यापूर्वी असतो. विकत घेणारा काचेपुढे उभा असतो, तेव्हा त्याच्यावर कोणी चाल करून आलेले नसते, भय नसते, क्रोध नसतो, घाईही नसते. मनुष्य पूर्णपणे स्वतंत्र असतो तो त्या क्षणी. म्हणून नीतीचा प्रश्न खरा विचारावयाचा असेल तर तो त्या क्षणी विचारावयास हवा: मला ही वस्तू कशासाठी हवी आहे, आणि ज्यासाठी हवी आहे असे मी सांगतो त्यासाठीच ती हवी आहे काय?

कोणी म्हणेल, वस्तू ती वस्तू. तिला हेतू कसला? लोखंड ते लोखंड. हा आक्षेप पोलादाच्या गावात राहणाऱ्याने तरी गंभीरपणे घेतलाच पाहिजे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून येथून निघणाऱ्या पोलादाचे रूळ झाले, पूल झाले, आणि २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या युद्धनौकेसाठीही येथील पत्रे गेले. भट्टीतून निघणाऱ्या रसाला हेतू नसतो हे खरेच. तथापि लोखंडाला जसजसा आकार येतो तसतसा त्यात हेतू उतरत जातो. सळईला शंभर उपयोग आहेत, रुळाला एक-दोन. विळ्याने गवतही कापता येते आणि माणूसही. भरमार बंदूक शिकारीपुरती आणि राखणीपुरती आहे. ज्या वस्तूचा आकार, वजन, मॅगझिन आणि मूठ ही सारी अनेक माणसांना थोड्या वेळात निपटून काढण्यासाठी ठरविली गेली, तिच्यातील एक खिटी बदलल्याने तो हेतू पुसला जात नाही; तो अपुरा राहतो एवढेच. युद्धनौकेचा हेतूही संहाराचाच आहे. पण तिच्या तोफेमागे एका व्यक्तीची इच्छा नसते, संसदेला जबाबदार असलेली एक सबंध व्यवस्था असते. तो संयम खाजगी कपाटात ठेवता येत नाही.

खंडेनवमीला आपण पाटावर तलवार मांडतो, विळा मांडतो आणि लेखणीही मांडतो. येथील कामगार सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा करून यंत्रांना हार घालतात. या पूजेत शस्त्राचा गौरव आहे असे मानले जाते. परंतु आपल्या परंपरेने शस्त्राविषयी जे सांगितले त्याचा दुसरा भाग आपण सहसा विसरतो. वनपर्वात एक प्रसंग आहे. स्वर्गातून दिव्यास्त्रे घेऊन परतलेल्या अर्जुनाला युधिष्ठिर म्हणतो, ती मला दाखव. अर्जुन ती प्रकट करू लागतो आणि पृथ्वी कापू लागते; तेव्हा नारद येऊन त्याला थांबवितात, की लक्ष्य नसताना, केवळ पाहण्याच्या हौसेसाठी, अस्त्रे काढावयाची नसतात. विचारणारा धर्मराज होता आणि दाखविणारा अर्जुन, तरीही निषेध झाला. पुढे अज्ञातवासात शिरताना याच पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली. ज्याला शस्त्र खरोखर येते त्याला ते वर्षभर झाडावर ठेवून दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करता येतो. ज्याला ते भिंतीवर पाहावेसे वाटते, त्याच्या हौशीविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे.

आत्मरक्षणाचा दावा उरतो. तो फेटाळून लावता येत नाही. एकट्या शेतवाडीवर राहणाऱ्याने दुनळी बंदूक ठेवावी यात मला गैर दिसत नाही. पण प्राणरक्षणास जेवढे पुरे तेवढ्याने ज्याचे समाधान होत नाही, त्याला अधिक काहीतरी हवे असते. आणि ते बहुधा धैर्य असते, जे दुकानात मिळत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी समोरच्या स्वयंचलित रायफलीची नळी आपल्या हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि मारेकरी जिवंत पकडला गेला. निःशस्त्र असावे असा याचा उपदेश नाही. पोलिसांना चांगली शस्त्रे मिळावयास हवी होती. परंतु त्या प्रसंगी निर्णायक ठरले ते यंत्र नव्हते.

आता हा प्रश्न आपल्या टेबलापाशी येतो. आपल्यापैकी काहींनी जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रपरवान्याचे अर्ज हाताळले असतील, काहींनी शिफारशी केल्या असतील, आणि पदाच्या जोरावर स्वतःसाठी एखादे पिस्तूल मिळविण्याचा मोहही काहींना झाला असेल. अर्ज, चौकशी, पोलिसांचा अहवाल, प्रतीक्षा: या साऱ्याला लोक दिरंगाई म्हणून नावे ठेवतात. दिरंगाईसाठी दिरंगाई करणारे नसतात असे नव्हे. तरीही तत्त्वतः पाहता, दोन बारांमधील जो अवकाश यंत्राने गिळला, तो हत्यार हाती येण्यापूर्वी परत निर्माण करण्याची ही एकमेव सार्वजनिक व्यवस्था आहे. तेथे बसलेल्या माणसाची लेखणी म्हणजे एका परीने समाजाचा विवेक. ती निष्काळजी झाली, तर काय होते हेही याच राज्याने पाहिले. २००५ नंतर बस्तर भागात शासनानेच अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून, थोडक्या प्रशिक्षणावर आणि अल्प मानधनावर, हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली आणि त्या बंदुका परत घेण्याचा आदेश दिला. त्यापूर्वीची सहा वर्षे जे चालले ते कोणाच्या तरी सहीने, रीतसर आदेशानेच चालले होते. अनुज्ञेय आणि उचित यांतील अंतर शासन स्वतः विसरले, तर नागरिकाने ते लक्षात ठेवावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

म्हणून त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मला असे दिसते. तेथील कायदा तुला शिक्षा करणार नाही, एवढेच तो सांगतो. तुला काय हवेसे वाटावे हे तो सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही. ती वस्तू घेतल्याने तू खुनी होणार नाहीस. हजारो लोक ती घेतात आणि निरुपद्रवी आयुष्य जगतात. परंतु ती घरात आली की तू तुझ्या रस्त्याकडे, शेजाऱ्याकडे, अंगणात चुकून शिरलेल्या अनोळखी माणसाकडे तिच्या नळीच्या रेषेतून पाहावयास हळूहळू शिकशील. कारण जी वस्तू आपण जवळ बाळगतो तिच्या हेतूला आपण थोडे थोडे जागा करून देतो. तुला थांबावयाचे असेल तर ते चापाजवळ नव्हे, दुकानाच्या काचेपाशी थांबता येईल. तेथे तुला कोणीही अडविणार नाही. विवेकाला पूर्ण मोकळीक असते ती अशाच ठिकाणी, आणि त्याची परीक्षाही तेथेच होते.